समुद्राला वळसा ते समुद्रावरून झेप : मुंबईच्या आकाशवाटेची कहाणी

१/
मुंबई हे हिंदुस्थानचे प्रवेशद्वार, हे वाक्य आपण शाळेपासून वाचत आलो. युरोपातून येणारी बोट मुंबईला लागे, टपालाच्या थैल्या बॅलार्ड पिअरवर उतरत आणि तेथून आगगाडीने देशभर जात. मात्र ३० मार्च १९२९ रोजी लंडनहून हिंदुस्थानसाठी पहिले नियमित हवाई टपाल निघाले, तेव्हा त्याचा शेवटचा थांबा मुंबई नव्हता, कराची होता.

बंदरांची राणी आकाशाच्या नकाशावरून कशी वगळली गेली? आणि ती परत कशी आली? आजचा धागा याच प्रश्नावर आहे.

२/
हा प्रश्न केवळ मुंबईकरांचा नाही. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या आपल्या यवतमाळ जिल्ह्याचे अर्थकारणही समुद्रवाटेला बांधलेले होते. येथला कापूस 'शकुंतला' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अरुंद रुळांच्या गाडीने मूर्तिजापूरला जाई, तेथून मोठ्या रुळांवरून मुंबईला आणि मुंबईहून जहाजाने मँचेस्टरकडे. भावाची बातमी तारेने लवकर येई, कारण मुंबई–लंडन समुद्री तार १८७० पासून सुरू होती. पण करारपत्रे, हुंड्या, जहाजाच्या मालाची कागदपत्रे, नमुने, घरची पत्रे या साऱ्यांना बोटीचाच वेग होता. मुंबई ते लंडन सुमारे दोन आठवडे.

३/
विमानाचा शोध लागल्यावर हे दोन आठवडे लगेच आटतील, असे कोणालाही वाटेल. सुरुवातही आशादायक होती. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आँरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडील नैनीपर्यंत सुमारे ६,५०० पत्रे विमानाने नेली. जगातील हे पहिले अधिकृत हवाई टपाल मानले जाते आणि ते घडले आपल्या भूमीवर. अंतर मात्र दहा किलोमीटरच्या आसपास. नदी ओलांडणे आणि समुद्र ओलांडणे यांत जे अंतर आहे, ते पार करायला पुढची कित्येक वर्षे लागली.

४/
पहिली मोठी झेप अटलांटिकवर पडली. १४ जून १९१९ रोजी जॉन ॲल्कॉक आणि आर्थर व्हिटन ब्राउन हे दोघे न्यूफाउंडलंडहून निघाले आणि सुमारे १६ तासांनी आयर्लंडमधील क्लिफडेनजवळच्या दलदलीत उतरले. हिरवळ समजून निवडलेली जागा चिखलाची निघाली आणि विमान नाकावर आपटले. दोघेही बचावले. न थांबता अटलांटिक ओलांडणारे हे पहिले विमान. अंतर सुमारे ३,०४० किलोमीटर.

हा आकडा लक्षात ठेवा. मुंबई ते एडन हे सरळ अंतरही जवळपास तेवढेच आहे.

५/
मग १९१९ साली अटलांटिक ओलांडता आला, तर त्याच सुमारास अरबी समुद्र का ओलांडला गेला नाही? उत्तर 'पराक्रम' आणि 'सेवा' या दोन शब्दांमधील फरकात आहे.

पराक्रम एकदाच करायचा असतो. त्यासाठी विमानात इंधनच इंधन भरता येते, हवामानाची वाट पाहता येते आणि जीव पणाला लावता येतो. सेवा दर आठवड्याला, ठरल्या वारी, टपाल आणि माणसे घेऊन करायची असते. त्या काळच्या विमानाला ३,००० किलोमीटरचे इंधन दिले, की थैल्यांसाठी जागाच उरत नसे.

६/
समुद्रावरील उड्डाणाचे संकट नेमके कोणते होते, हे समजून घेण्यासाठी एक साधे गणित करू.

विमान ताशी १६० किलोमीटर वेगाने जात आहे. दहा तासांत ते १,६०० किलोमीटर जाईल. आता बाजूने ताशी २० किलोमीटरचा वारा वाहतो आहे आणि वैमानिकाला त्याचा पत्ता नाही. होकायंत्र दिशा अचूक दाखवत राहील, पण वारा विमानाला हळूहळू बाजूला सारत राहील. दहा तासांनी चूक किती? २०० किलोमीटर. यवतमाळहून नागपूर जितके दूर, त्याहूनही जास्त.

७/
जमिनीवर ही चूक लपत नाही. खाली नदी दिसते, रेल्वेचा रूळ दिसतो, गावाचे देऊळ दिसते. त्या काळचे वैमानिक रुळांचा माग धरून उडत. समुद्रावर अशी एकही खूण नसते. तेथे वेग, दिशा आणि वेळ यांवरून आपण कोठे असू याचा अंदाज बांधायचा आणि ढगांच्या फटीतून सूर्य किंवा तारा दिसलाच, तर सेक्स्टंटने त्याची उंची मोजून तो अंदाज दुरुस्त करायचा. ब्राउनने १९१९ साली नेमके हेच केले. त्या रात्री ढग आणि धुके इतके दाट होते, की तारे त्याला मोजक्याच वेळा दिसले.

८/
दुसरे संकट इंजिनाचे. जमिनीवर इंजिन बंद पडले तर शेतात उतरता येई. समुद्रात उतरले तर कोणतेतरी जहाज जवळ असणे हाच एक आधार. मे १९१९ मध्ये हॅरी हॉकर आणि मॅकेंझी-ग्रीव्ह यांचे इंजिन अटलांटिकवर तापले. एका डॅनिश जहाजाजवळ त्यांनी विमान पाण्यात उतरवले आणि ते वाचले. मे १९२७ मध्ये पॅरिसहून न्यूयॉर्ककडे निघालेले नुंजेसेर आणि कोली मात्र परत दिसलेच नाहीत. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० मे रोजी, चार्ल्स लिंडबर्ग न्यूयॉर्कहून एकटा निघाला आणि साडेतेहतीस तासांनी पॅरिसला उतरला. इतिहासात लिंडबर्गचे नाव ठळक आहे; त्याच पाण्यावर हरवलेल्या या दोघांना बाजूला ठेवले, तर त्या नावाचे मोल कळत नाही.

९/
आता युरोपातून हिंदुस्थानला येणाऱ्या वाटेचा नकाशा पाहा. समुद्र टाळायचा असेल तर कैरो, बगदाद, बसरा आणि मग इराणच्या आखाताचा किनारा धरून पूर्वेकडे यायचे. तो किनारा संपतो तेथे बलुचिस्तान लागते आणि त्यापुढचे पहिले मोठे शहर कराची.

१९१८ च्या अखेरीस रॉस स्मिथ कैरोहून विमान घेऊन हिंदुस्थानात आला, तो याच बाजूने. पुढच्या वर्षी तो आणि त्याचा भाऊ कीथ यांनी इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया हा २८ दिवसांचा प्रवास केला. त्यांच्या वाटेवर कराची, दिल्ली, अलाहाबाद आणि कलकत्ता होते. मुंबई नव्हती.

१०/
इम्पीरियल एअरवेजने १९२९ मध्ये नियमित सेवा सुरू केली, तिनेही हीच वाट धरली. लंडनहून बाझेलपर्यंत विमान, तेथून जिनोआपर्यंत आगगाडी, जिनोआहून अलेक्झांड्रियापर्यंत पाण्यावर उतरणारे विमान आणि पुढे कैरो, बगदाद, बसरा, बुशेर, लिंगेह, जास्क, ग्वादर करीत कराची. सात दिवस. बोटीच्या निम्मा वेळ!

या यादीतील नावे नीट पाहा. बुशेर, लिंगेह, जास्क, ग्वादर. सारी किनाऱ्यावरची छोटी गावे. विमान समुद्राच्या काठाकाठाने, जणू हात भिंतीला लावून अंधारात चालणाऱ्या माणसासारखे येत होते.

११/
अशा रीतीने जहाजांच्या युगात पहिली असलेली मुंबई विमानांच्या युगात आडवाटेला पडली. लंडनहून सात दिवसांत कराचीला आलेले पत्र तेथून आगगाडीने मुंबई, मद्रासकडे निघे आणि हवेत कमावलेला वेळ रुळांवर गमावला जाई.

या फटीकडे नेव्हिल व्हिन्सेंट या माजी ब्रिटिश हवाईदल वैमानिकाचे लक्ष गेले. कराची ते मद्रास जोडसेवा काढावी, अशी त्याची योजना होती. ती त्याने मुंबईतील एका तरुण पारशी उद्योजकापुढे मांडली. त्या तरुणाचे नाव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजेच जेआरडी.

१२/
जेआरडी नुसते भांडवलदार नव्हते. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिला परवाना. त्यावर क्रमांकच १ होता.

आगाखानांनी इंग्लंड–हिंदुस्थान हे अंतर एकट्याने उडून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी ५०० पौंडांचे बक्षीस लावले. जेआरडी कराचीहून निघाले. अस्पी इंजिनिअर हा सतरा वर्षांचा मुलगा उलट दिशेने, इंग्लंडहून येत होता. मनमोहन सिंग हेही स्पर्धेत होते.

१३/
इजिप्तमधील अबुकीर येथे जेआरडी आणि अस्पी यांची गाठ पडली. अस्पीचे विमान स्पार्क प्लगअभावी अडकले होते. जेआरडींनी आपल्याकडचे जादा प्लग त्याला दिले. त्याबदल्यात अस्पीने आपले तरंगते जाकीट जेआरडींना दिले, असे जेआरडी पुढे सांगत. अस्पीचा समुद्र ओलांडून झाला होता, जेआरडींचा भूमध्य समुद्र अजून पुढे होता.

स्पर्धा अस्पीने थोड्याच तासांनी जिंकली. हाच अस्पी इंजिनिअर १९६० मध्ये भारताचा हवाईदलप्रमुख झाला. आपल्याच प्रतिस्पर्ध्याला प्लग देणाऱ्या माणसाविषयी काय बोलावे, ते वाचकांनीच ठरवावे. पण त्या जाकिटाच्या देवाणघेवाणीत त्या काळच्या वैमानिकांचे समुद्राशी असलेले नाते अचूक पकडले गेले आहे.

१४/
१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी साडेसहाच्या सुमारास कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून 'पुस मॉथ' जातीचे एक इंजिनाचे छोटे विमान निघाले. चालक जेआरडी, सोबत सुमारे २५ किलो टपाल. बिनतारी संदेशयंत्र नाही, हवामानाचा अंदाज सांगणारे कोणी नाही. कच्छच्या रणावरून ते अहमदाबादला आले. तेथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणून विमानात इंधन भरले गेले. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी विमान जुहूला उतरले. पुढे व्हिन्सेंटने ते टपाल दुसऱ्या विमानाने बेल्लारीमार्गे मद्रासला नेले.

१५/
येथे पुन्हा नकाशा पाहू. कराचीहून मुंबईला सरळ रेघ ओढली, तर ती काठियावाडवरून आणि दोन्ही बाजूंच्या खाऱ्या पाण्यावरून जाते. अहमदाबादमार्गे येणे हा वळसा होता. तो इंधनासाठी होता, तसाच पायाखाली जमीन ठेवण्यासाठीही होता. भारतीय नागरी विमानवाहतुकीचा पहिला मार्गसुद्धा समुद्राला बगल देऊनच आखला गेला, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

१६/
पाण्याने मात्र जुहूला गाठलेच. जुहूचे धावमैदान म्हणजे समुद्रालगतची चिखलाची सपाटी. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई. मग सारा संसार, दोन विमाने आणि मोजकी माणसे, पुण्याला हलवावा लागे. तरीही पहिल्या वर्षी या सेवेने सुमारे १,६०,००० मैल उड्डाण केले, १५५ प्रवासी नेले आणि दहा टनांहून अधिक टपाल पोहोचवले. एकदा समुद्र ओलांडण्यात जितकी हिंमत लागते, त्याहून वेगळी आणि रुक्ष हिंमत रोज वेळेवर उडण्यात लागते. तिची छायाचित्रे मात्र वर्तमानपत्रांत येत नाहीत.

१७/
१९३० च्या दशकात जगभर समुद्र हळूहळू पराक्रमाच्या हातून सेवेच्या हाती आला. १९२८ मध्ये किंग्सफर्ड स्मिथने पॅसिफिक टप्प्याटप्प्याने ओलांडला. १९३५ मध्ये तेथे नियमित टपाल सुरू झाले. अटलांटिकवर विमानाने प्रवाशांची नियमित ने-आण १९३९ मध्ये सुरू झाली, ॲल्कॉक–ब्राउननंतर पूर्ण वीस वर्षांनी.

अरबी समुद्राच्या वाट्याला १५ जून १९३७ रोजी एक महत्त्वाचे उड्डाण आले. अमेलिया इअरहार्ट आणि तिचा दिशादर्शक फ्रेड नूनन तांबड्या समुद्रावरील असाबहून निघून सुमारे १३ तासांत थेट कराचीला उतरले. तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतचे ते पहिले विनाथांबा उड्डाण. तिनेही बराच काळ अरबस्तानचा किनारा धरला आणि मगच समुद्रावर झेप घेतली. पुढच्याच महिन्यात, २ जुलै रोजी, पॅसिफिकमधील चिमुकले हाउलँड बेट शोधताना ती दोघे नाहीशी झाली. सहाव्या भागातील वाऱ्याचे गणित पुन्हा आठवा.

१८/
१९३८ पासून इम्पीरियल एअरवेजच्या मोठ्या फ्लाइंग बोटी हिंदुस्थानात येऊ लागल्या. पाण्यावर उतरणारी विमाने आली, म्हणजे आता तरी बंदराचे शहर असलेल्या मुंबईचा नंबर लागेल? तसे झाले नाही. ती विमाने कराचीहून राजसमंदचा तलाव, ग्वाल्हेर, अलाहाबाद अशी जलाशय शोधत कलकत्त्याला जात. राजस्थानच्या तलावावर लंडनचे विमान उतरत होते आणि मुंबईच्या विस्तीर्ण बंदराला ते लाभत नव्हते! कारण साधे होते : साम्राज्याची वाट ऑस्ट्रेलियाकडे जाणारी होती. मुंबई त्या रेघेच्या दक्षिणेला पडत होती.

१९/
दुसऱ्या महायुद्धाने समुद्रावरील उड्डाणाचे शास्त्र झपाट्याने पुढे नेले. जपानने सिंगापूर घेतल्यावर ऑस्ट्रेलियाची वाट तुटली. जुलै १९४३ पासून क्वांटासची कॅटालिना विमाने पर्थजवळून निघून हिंदी महासागरावरून थेट सिलोनला येऊ लागली. अंतर सुमारे ५,६५० किलोमीटर, वेळ २७ ते ३३ तास. शत्रूच्या भीतीने बिनतारी यंत्र बंद ठेवून, केवळ ताऱ्यांच्या आधारे. प्रवाशांना एका उड्डाणात दोन सूर्योदय दिसत. पुढे ही सेवा कराचीपर्यंत वाढवण्यात आली.

याच युद्धाने व्हिन्सेंटला मात्र हिरावून नेले. जानेवारी १९४२ मध्ये इंग्लंडहून हिंदुस्थानात परतत असताना त्याचे विमान नष्ट झाले. भारतीय विमानवाहतुकीच्या या संस्थापकाचे नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे.

२०/
१९४७ च्या फाळणीने नकाशाच बदलला. वीस वर्षे भारताचे हवाई प्रवेशद्वार असलेले कराची आता दुसऱ्या देशात गेले. परदेशी कंपन्यांची विमाने मुंबईत उतरत होती. पण भारताबाहेर जाणारी स्वतःची वाट भारताला हवी होती. ८ मार्च १९४८ रोजी 'एअर इंडिया इंटरनॅशनल' ही कंपनी स्थापन झाली. ४९ टक्के भाग भांडवल सरकारचे. नव्या स्वतंत्र देशाने, जो अजून निर्वासितांच्या छावण्या सांभाळत होता, चार इंजिनांची महागडी विमाने घेण्याचा निर्णय घेतला, यामागे प्रतिष्ठेइतकाच हा भौगोलिक पेच होता.

२१/
८ जून १९४८. सांताक्रूझ विमानतळावरून 'मलबार प्रिन्सेस' हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान ३५ प्रवाशांसह लंडनकडे निघाले. कॅप्टन के. आर. गझदर. जेआरडी स्वतः विमानात होते. वाटेत थांबे दोनच : कैरो आणि जिनिव्हा.

१९२९ च्या वाटेवरील बुशेर, लिंगेह, जास्क, ग्वादर आणि कराचीही आता यादीत नव्हती. मुंबईहून पश्चिमेकडे तोंड करून विमान सरळ अरबी समुद्रावर गेले आणि कैरोला उतरले. जहाजांना शतकानुशतके मिळालेली वाट मुंबईला हवेत मिळायला एवढा काळ लागला.

२२/
ही वाट देशाच्या आतपर्यंत पोहोचवण्याचे काम विदर्भात झाले. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून संध्याकाळनंतर निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. रफी अहमद किडवाई यांनी ही योजना रेटली. जेआरडींचा तिला विरोध होता. अंधारात उडण्याच्या सोयी अजून अपुऱ्या आहेत, असे त्यांचे म्हणणे. सेवा मात्र टिकली. मुंबईहून नागपूरला जाणाऱ्या सरळ हवाई रेषेपासून यवतमाळ फार दूर नाही. विदेशी तिकिटाचे पत्र आता बंदरावर ताटकळत नव्हते.

२३/
तरीही समुद्र जिंकला गेला, असे म्हणता येत नाही. ११ एप्रिल १९५५ रोजी एअर इंडियाचे 'काश्मीर प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन हाँगकाँगहून जाकार्ताकडे निघाले. बांडुंग परिषदेसाठी जाणारे चिनी प्रतिनिधी आणि पत्रकार त्यात होते. कॅप्टन दामोदर काशिनाथ जटार. सोबत सहवैमानिक एम. सी. दीक्षित, दिशादर्शक जे. सी. पाठक, देखभाल अभियंता अनंत श्रीधर कर्णिक, हवाईसुंदरी ग्लोरिया बेरी आणि इतर सहकारी.

सुमारे पाच तासांनी, १८,००० फूट उंचीवर, दक्षिण चिनी समुद्रावर स्फोट झाला. हाँगकाँगला विमानात घड्याळी बॉम्ब दडवला होता, हे पुढे चौकशीत सिद्ध झाले. लक्ष्य होते चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय. ते त्या विमानात नव्हतेच.

२४/
धुराने भरलेल्या कॉकपिटमधून, पंख जळत असताना, जटारांनी विमान समुद्राकडे उतरवत नेले. दरम्यान बिनतारी यंत्र बंद पडण्यापूर्वी संकटसंदेश आणि विमानाचे स्थान कळवण्यात आले. प्रवाशांना तरंगती जाकिटे वाटण्यात आली. विमान पाण्यावर आदळून फुटले. १९ जणांपैकी १६ जण गेले; जटार आणि ग्लोरिया बेरी त्यांत होते. कर्णिक, दीक्षित आणि पाठक हे तिघे कित्येक तास पोहून नातुना द्वीपसमूहातील एका बेटाला लागले. कोळ्यांनी त्यांना आधार दिला आणि पुढे ब्रिटिश जहाजाने उचलून नेले. या पाचही जणांना अशोकचक्र मालिकेतील शौर्यपदके देण्यात आली. नागरिकांना हा सन्मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. कर्णिकांनी या अनुभवावर इंग्रजीत पुस्तकही लिहिले.

२५/
अस्पीचे जाकीट १९३० मध्ये दोन वैमानिकांमधील मैत्रीची खूण होते. पंचवीस वर्षांनी तेच जाकीट नियमाने विमानात ठेवलेले होते आणि ते कसे द्यायचे याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना होते. संकटात विमानाचे स्थान कळवता आले, कारण दिशादर्शकाने ते क्षणोक्षणी मोजून ठेवले होते. समुद्रावरील उड्डाणाचा इतिहास हा असा आहे : एका पिढीने जिवावर उदार होऊन जे शिकून घेतले, ते पुढच्या पिढीने नियमपुस्तकात लिहिले. त्या नियमांमुळे तिघे वाचले. माणसाने मुद्दाम ठेवलेल्या बॉम्बवर मात्र कोणतेही गणित चालत नाही.

२६/
जेआरडींनी १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, कराची–मुंबई हे उड्डाण छोट्या विमानातून पुन्हा एकट्याने केले. १५ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईच्या आरोही पंडितने जीपीएसशिवाय, नकाशाच्या आधारे, अहमदाबादमार्गे जुहू गाठून त्या उड्डाणाचे स्मरण केले. तिचे उड्डाण कराचीऐवजी भूजहून सुरू झाले, कारण मधे एक सीमारेषा आली आहे. याच आरोहीने २०१९ मध्ये हलक्या क्रीडाविमानातून अटलांटिक एकटीने ओलांडला होता. या वर्गातील विमानातून तसे करणारी ती पहिली महिला.

२७/
या साऱ्यातून हाती काय लागते? शहराचे महत्त्व केवळ भूगोल ठरवत नाही. त्या काळचे यंत्र किती दूर जाऊ शकते, वाट कोणाच्या सोयीसाठी आखली जाते आणि सीमा कोठे पडते, यांवरही ते अवलंबून असते. विमानाला समुद्र झेपत नव्हता म्हणून कराची मोठी झाली; साम्राज्याला ऑस्ट्रेलिया गाठायचा होता म्हणून मुंबई बाजूला राहिली; देश स्वतंत्र झाला आणि लांब पल्ल्याचे यंत्र हाती आले, तेव्हा मुंबईची वाट सरळ झाली. नकाशावरील रेघा कोणीतरी ओढलेल्या असतात. त्या का ओढल्या, हे विचारणे म्हणजेच इतिहास वाचणे.

२८/
शेवटी एक विनंती. आपल्या घरातील जुन्या ट्रंकेत, वाड्याच्या माळ्यावर, जिनिंगच्या जुन्या दप्तरात विदेशी पत्रांची पाकिटे सापडली, तर ती रद्दीत घालू नका. पाकिटावरचे दोन शिक्के पाहा : कोठून, कोणत्या दिवशी निघाले आणि आपल्या गावी कोणत्या दिवशी पोहोचले. त्या दोन तारखांमधील दिवस मोजा. १९२५ चे पाकीट आणि १९५० चे पाकीट शेजारी ठेवले, तर या धाग्यात सांगितलेली सारी कहाणी त्या दोन आकड्यांच्या वजाबाकीत दिसेल. असे पाकीट मिळाले, तर छायाचित्र खाली अवश्य जोडा. पत्ता आणि नाव झाकून.

धागा समाप्त.